पांढरीची तीन गिऱ्हाइकं

१. नारळ परत गेला

आमच्या सासऱ्यांची गाडी घ्यायला आलेला दुसरा माणूसही रिक्षा करून घरी गेला.

येताना तो बायको, मुलगी आणि नारळ घेऊन आला होता, म्हणजे मनात सौदा पक्काच होता. फक्त एक चक्कर मारून बघायची होती. गाडी फाटकाबाहेर पडली, गल्लीच्या तोंडाशी पोचली आणि मागच्या डाव्या चाकातून असा खडखडाट सुरू झाला की पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. गिऱ्हाईक खाली उतरलं. "बेअरिंग गई, ॲक्सल गया, गिअर भी गया समझो," असं त्यानं जागच्या जागी निदान केलं. चाकाच्या आवाजावरून गिअरचं कसं कळलं, असं मी विचारलं. त्यावर त्यानं मुलीच्या हातातला नारळ काढून पिशवीत टाकला आणि रिक्षाला हात केला.

मी अंबरीश, या घरचा जावई. मूळचा अमरावतीचा, नोकरीनं जबलपूरला आलो, शाळेत गणित शिकवतो. गाडीची जाहिरात टाकणं, फोन घेणं, लोकांना बिस्किटं चारणं हे सगळं माझ्या गळ्यात पडलं होतं. मेव्हणा वेदांग नाशिकला असतो. आणि माझी बायको मेघना म्हणते, "बाबांशी गाडीबद्दल तूच बोल. तुला ते रागावणार नाहीत, तू जावई आहेस." हे साफ खोटं आहे.

सासरे हेमचंद्र चौतीस वर्षं संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत तपासनीस होते. त्यांनी हात लावून पाहिल्याशिवाय लष्कराच्या ट्रकचा एक नटही बाहेर पडत नसे. रिटायर झाल्यावर सगळी शिस्त एका पांढऱ्या हॅचबॅकच्या वाट्याला आली. घरात तिला नुसतं 'पांढरी' म्हणतात. शेजारचे रामराव त्याच फॅक्टरीत फिटर होते, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दर रविवारी दोघं गाडीखाली शिरत. रामराव नट आवळत आणि त्यावर पिवळी रेघ मारत. मग बाबा तपासून शेजारी लाल रेघ मारत. ज्यानं काम केलं त्यानंच ते पास करायचं नाही, हा फॅक्टरीचा कायदा. चौदा वर्षांत या कायद्याला रजा नव्हती.

मग बाबांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं गळत चाललंय. डॉक्टरांनी गाडी बंद केली. "मला सगळं दिसतं, डॉक्टरला दिसत नाही," असं म्हणत बाबांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि सासूबाईंनी तो हवेत झेलला. त्यांना आता त्याची सवय झाली आहे.

सासूबाईंना, म्हणजे कुंदाबाईंना, शुक्रवारी नाशिकला जाणारी रेल्वे पकडायची होती. सून नेहाला पहिलं बाळ व्हायचं होतं, डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली होती आणि नेहाला आई नाही. "बाळंतपणाला मी येतेच," असा शब्द सासूबाईंनी तिला दिला होता. दोन तिकिटं काढून ठेवली होती. पण बाबांनी जाहीर केलं होतं, "पांढरी चांगल्या घरी पडल्याशिवाय मी जबलपूर सोडणार नाही." त्यांच्या डोळ्यांत दिवसातून दोनदा औषधाचे थेंब घालावे लागतात, ते सासूबाईच घालतात. त्यामुळे गाडी विकली नाही तर बाबा नाहीत, आणि बाबा नाहीत तर सासूबाई नाहीत, असं सगळं एकात एक अडकलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक दहा दिवसांपूर्वी आलं, तेव्हा गाडी ट्रॅक्टरसारखी गरजली होती. सायलेन्सरचा पट्टा सैल झाला असेल, असं सगळे म्हणाले. गंमत म्हणजे तिसऱ्या दिवशी तो आवाज आपोआप बंद झाला. आणि आता हा खडखडाट.

मी ओमतीवरून दिवाकर मेकॅनिकला बोलावलं. त्यानं चाकाची प्लास्टिकची टोपी एका झटक्यात काढली. आतून तीन गोल गुळगुळीत गोटे घरंगळत आले आणि सासूबाईंच्या पायाशी थांबले.

सासूबाईंनी ते उचलले. "हे काय चालत आले आतमध्ये?" त्या म्हणाल्या. "मेघना, मनीषाताईला फोन लाव."

२. क्लेम ऑफिसची बाई

मनीषा आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. राइट टाउनमध्ये एकटी राहते, बासष्टाव्या वर्षी स्कूटर चालवते आणि तीही बरीच जोरात. रेल्वेच्या क्लेम ऑफिसात तिनं एकतीस वर्षं काढली. पार्सलमधून आटलेलं तूप, पोत्यातून गळालेली डाळ, लग्नाला निघालेला आणि भलत्याच स्टेशनवर उतरलेला शालू, या सगळ्यांचा तिनं छडा लावलेला आहे. लोक सांगतात की तिच्यासमोर हमाल आपणहून कबुली देत.

ती हेल्मेट काढत म्हणाली, "चलो, दाखवा दगडं."

तिनं ते हातात खेळवले. मग माझ्याकडे वळली. "अंबरीशराव, तुमची मोजपट्टी आणा बरं. गणिताचे मास्तर नं तुम्ही?"

मी मोजले. तिन्ही गोटे बरोबर एक इंचाचे होते, सुताचाही फरक नव्हता. नर्मदेच्या काठी असे गोटे हवे तेवढे मिळतात, पण एकाच मापाचे तीन शोधायचे तर अर्धा दिवस तरी वाकून बसावं लागेल.

"खोडी काढणारा माणूस हाताला येईल ते कोंबतो," आत्या म्हणाली. "यानं निवडून निवडून आणले. अच्छा. गाडीची किल्ली कुठे असते?"

"देवघरात," सासूबाई म्हणाल्या. "पण टोपी काढायला किल्ली काहून लागंल? आणि दुपारी दोन ते चार सगळी कॉलनीच झोपून राहते. कोणीही येईल."

"कोणीही नाही, वहिनी. पार्सल गहाळ झालं की आधी त्याला हात लावणारी माणसं मोजायची. इथं पाच-सहा आहेत. त्यातला पहिला तर माझ्यासमोर मोजपट्टी घेऊन उभा आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बायकोनंसुद्धा.

३. जावई आणि मेकॅनिक

"मला गाडी स्वस्तात लाटायची आहे, असं तुमचं म्हणणं?" मी विचारलं.

"मी काहीच म्हणून नाही राहिली. तुम्हीच बोलून राहिले."

मला राग आला, आणि रागात माणूस खरं बोलतो. मी म्हटलं, "आत्याबाई, ही गाडी मला फुकट दिली तरी नको. आठवड्यातून एकदा सासरे हवा तपासायला येतील, महिन्यातून एकदा बॉनेट उघडतील आणि एखादा ओरखडा दिसला की वर्षभर ऐकवतील. मेघनाच्या स्थळासाठी माझी चौकशी झाली ती एका दुपारीत उरकली होती. या गाडीच्या स्थळासाठी गिऱ्हाइकाच्या घरी शेड आहे का, हेसुद्धा विचारतात."

आत्या हसली. "बस. तुम्ही सुटले."

इतक्या सहज सुटल्याचं मला थोडं वाईटच वाटलं. मेघनाची साक्ष त्याहून लहान होती. "मला फक्त आई वेळेवर नाशिकला पोचायला पाहिजे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. आत्यानं तिला पुढे काही विचारलं नाही.

दिवाकरचं गॅरेज ओमतीला, तीन दुकानांच्या मागच्या बोळात. आम्ही गेलो तेव्हा तो एका जीपच्या पोटाखाली होता. त्याच्यावर संशय घ्यायला कारण होतं. आपल्या साल्यासाठी ही गाडी मिळावी म्हणून त्यानं मागे एकदा बाबांकडे शब्द टाकला होता, आणि त्याच्या साल्याच्या घरी शेड नाही म्हणून बाबांनी नाही म्हटलं होतं.

"दीदी, मेरी सुनो," दिवाकर बाहेर येत म्हणाला. "चौदा साल झाले, साहेबांनी मला या गाडीचं फक्त पंक्चर काढू दिलं. तेसुद्धा दोघं दोन बाजूंनी उभे राहून बघत. मला ती गाडी बिघडवायची असती तर मी इंजिनमध्ये काहीतरी केलं असतं. गोटे कोण टाकतं?"

"तेच तर," आत्या म्हणाली. "गोट्यांनी गाडीचं नुकसान काय होतं?"

"काही नाही. आवाज होतो. बस."

"आणि सायलेन्सरचा पट्टा सैल केला तर?"

"आवाज होतो. दोन मिनिटांत परत आवळता येतो. कुछ बिगड़ता नहीं."

घरी परतल्यावर आत्यानं पदर खोचला, शेडमध्ये जुनी सतरंजी अंथरली आणि टॉर्च घेऊन सरळ गाडीखाली गेली. मलाही बोलावलं. शाळेचा शर्ट होता, तरी गेलो. ती सायलेन्सरचा पट्टा बघत होती. त्यावरच्या नटावर दोन रेघा होत्या. पिवळी पट्टीनं मारल्यासारखी सरळ, आणि शेजारची लाल मात्र वाकडी होऊन नटावरून पट्ट्यावर उतरलेली. गाडीखालच्या सगळ्याच नटांवर अशा जोड्या होत्या, बाकीच्यांवर फक्त धूळ बसून रंग मळले होते. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आत्यानं मात्र दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं, ते बोट नाकाशी नेलं आणि टॉर्च बंद केला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. पण तिचा आवाज बदलला होता. "मला वाटलं होतं, एकच आहे."

४. खव्याची जिलबी

रामरावांनी आम्हाला खव्याची जिलबी खायला घातली. त्यांच्या घरात एका माणसाची भांडी आणि चार माणसांच्या खुर्च्या आहेत. त्यांनी दोन प्लेटा पुसल्या, मग परत पुसल्या.

"गाडीखाली शेवटचे कधी गेले होते तुम्ही?" आत्यानं विचारलं.

"महिना झाला असंल. साहेबांचे डोळे असे झाले, तेव्हापासून रविवारची तपासणी बंद आहे नं." शेजारी असले तरी रामराव बाबांना साहेबच म्हणतात.

"आणि आता ते नाशिकला जातील."

"हो. जायलाच पाहिजे. नातू होईल, नाहीतर नात होईल." रामराव खिडकीतून शेडकडे बघत होते. "तिथं लिफ्ट आहे म्हणतात. साहेबांना लिफ्टची बटणं दिसतील काय, कोणास ठाऊक. इथं संध्याकाळी मी त्यांना रस्ता ओलांडून देतो. म्हणजे ते मला ओलांडून देतात, असं आम्ही म्हणतो."

आत्यानं जिलबीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

बाबांची साक्ष सगळ्यात वाईट गेली. "मला एक कळत नाही, मनीषा," ते म्हणाले. "चौकशीची गरजच काय? जुनी गाडी आहे, आवाज येणारच."

"दादा, तू? जुन्या गाडीचा आवाज येणारच, असं तू म्हणून राहिला?"

रेडिओच्या आवाजात नळ टपकत असला तरी चौकशी करणारा हा माणूस.

"गाडीखाली तू शेवटचा कधी गेला?"

"महिना झाला. डॉक्टरनं वाकायला मना केलं आहे." ते उठले आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटून आत गेले. आतून आवाज आला, "मला दिसलं होतं ते!"

आत्यानं मला फाटकापर्यंत सोबत घेतलं. "पनागरचं ते तिसरं गिऱ्हाईक बुधवारी पाचला येणार नं? चारला सगळ्यांना बसवा. रामरावांना पण. दिवाकरची गरज नाही."

"म्हणजे कळलं तुम्हाला?"

"कळलं," ती हेल्मेट घालत म्हणाली. "पण सांगायला जीवावर येऊन राहिलं."

५. पिवळी रेघ

बुधवारी चारला बैठकीत आम्ही सहा जण होतो. सासूबाईंनी पोहे केले होते. गुन्हेगारालाही पोहे मिळणार, हे या घरात ठरलेलंच.

आत्यानं तीन गोटे टेबलावर ठेवले. "ज्यानं हे केलं, त्याला गाडी विकू द्यायची नव्हती. पण गाडीला दुखवायचंही नव्हतं. दोन्ही वेळा फक्त आवाज. आणि पहिला आवाज आपोआप गेला, असं तुम्ही म्हणता. गाडीचे आवाज आपोआप येतात, आपोआप जात नाहीत. पट्टा कोणीतरी परत आवळला. बिघाड करून त्याला झोप आली नाही."

कोणी पोह्यांना हात लावला नव्हता.

"गोटे एका मापाचे. इंचाला इंच. ज्याच्या हाताला जन्मभर माप लागलं आहे, त्याला खोडीसुद्धा मापातच करता येते. आणि पट्टा आवळल्यावर या माणसानं त्याच्यावर पिवळी रेघ मारली. मी बोट लावून पाहिलं, वर धूळ नाही आणि रंगाचा वास अजून येतो. 'महिनाभर गाडीखाली गेलो नाही,' असं तो मला सांगतो. काम केलं आणि रेघ मारली नाही, असं त्याच्या हातून होऊच शकत नाही. चोरीचं काम असलं तरी."

रामराव उभे राहिले. मोठा माणूस, पण त्या वेळी शाळेत बाकावर उभं केल्यासारखे दिसले.

"मीच केलं, वहिनी," ते म्हणाले. "दोन्ही वेळा. दुपारी भिंत ओलांडून आलो. गाडी विकली नाही तर साहेब जाणार नाहीत, एवढंच मला दिसलं. तुमच्या सुनेचं, बाळाचं... ते नंतर लक्षात आलं. मग पट्टा आवळला. मग दुसरं गिऱ्हाईक येणार म्हटलं, तर परत राहवलं नाही. रविवारी मी काय करू, ते मला कोणी सांगत नाही." त्यांनी रुमाल काढला. "माफ करा."

या माणसाच्या घरी सासूबाई दर सणाला ताट पाठवत आल्या होत्या. मला रामरावांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

"चला, संपलं," मेघना हळूच म्हणाली.

"नाही संपलं," आत्या म्हणाली. "रामराव, पिवळी रेघ तुमची. आणि लाल?"

रामरावांनी रुमाल खाली केला. "लाल कोणती?"

६. लाल रेघ

"पट्ट्याच्या नटावर लाल रेघ आहे," आत्या म्हणाली. "ताजी. पिवळीच्या शेजारी."

"मी लाल नाही लावली," रामराव म्हणाले. "मी कसा लावणार? काम माझं होतं."

"तेच. चौदा वर्षांत तुम्ही लाल डबीला हात लावला नाही, आजही लावणार नाही. म्हणजे तुमच्यानंतर दुसरं कोणीतरी गाडीखाली गेलं. नट आवळलेला पाहिला, नवा रंग पाहिला, कोणाचं काम आहे ते समजला. आणि एक शब्द न बोलता पास करून आला. ती रेघ वाकडी आहे. नटावरून खाली उतरली आहे. ज्याला कड दिसत नाही, त्यानं ती मारली आहे."

सगळ्यांना कळलं होतं, पण बाबांकडे कोणी बघेना.

"माझी आहे," बाबा म्हणाले.

"साहेब!" रामराव म्हणाले.

"पहिलं गिऱ्हाईक गेलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी खाली गेलो. दिसत तर काही नव्हतं. बोटानं चाचपून पाहिलं. पट्टा आवळलेला, रंग ओला. रामरावांचा हात मला बोटानं कळतो. म्हटलं, यांनीच सैल केला असंल आणि यांनीच आवळला." बाबा खाली मान घालून बोलत होते. "तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या वेळी चाक वाजलं तेव्हापण कळलं मला. मला बरं वाटलं, कुंदा. गिऱ्हाईक नारळ घेऊन परत गेलं आणि मला बरं वाटलं."

"काहून?" सासूबाई एवढंच म्हणाल्या.

"इथं मला प्रत्येक खड्डा पाठ आहे. दुकानदार आवाजावरून ओळखतो. इथं मी डोळे मिटून पण इन्स्पेक्टर आहे. नाशिकला चौथ्या मजल्यावर मी कोण? सुनेच्या घरात भिंती चाचपडणारा म्हातारा. मला भीती वाटते."

चौतीस वर्षं खोटा पास न दिलेल्या माणसानं पहिला खोटा पास स्वतःच्या घरात दिला होता. मी बाबांना बारा वर्षं ओळखतो, पण त्यांनी भीती हा शब्द उच्चारलेला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मेघना रडत होती.

सासूबाई मात्र उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तो चढला. "दोन गुरुवार उपास करून राहिले मी! गाडी विकली जावी म्हणून! आणि हे दोघं भिंतीच्या इकडून नि तिकडून गाडीला रेघा मारून राहिले! त्या पोरीला आई नाही, ती रोज फोनवर विचारते, 'येताय नं?' मी शुक्रवारी जाणार. गाडी विको न विको. तुम्हाला यायचं असंल तर या. नसंल तर इथंच राहा, थेंब रामराव घालतील."

रामराव घाबरून म्हणाले, "वहिनी, माझा हात नटावर चालतो, डोळ्यावर नाही."

तेवढ्यात फाटकावर घंटी वाजली. पाच वाजले होते.

७. पनागरचे तिवारीजी

तिवारीजी मटारची शेती करतात. ते बायको, दोन पोरं आणि म्हाताऱ्या आईला घेऊन ऑटोतून आले होते. आईला महिन्यातून दोनदा जबलपूरच्या डॉक्टरकडे आणावं लागतं, ऑटोत तिची कंबर धरते, म्हणून गाडी हवी होती. सोबत मटारची गोणीभर भेट होती. सौदा व्हायच्या आधीच भेट आणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मी नेहमीप्रमाणे जाहिरातीतली वाक्यं सुरू केली. बाबांनी मला हातानं थांबवलं.

"तिवारीजी, पहले मेरी बात सुनिए," ते म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं. पट्टा, गोटे, दोन गिऱ्हाइकं, पिवळी रेघ, लाल रेघ. हिंदी त्यांची फॅक्टरीची, त्यामुळे ते चौकशी समितीपुढे जबाब दिल्यासारखं वाटत होतं. "दोष गाड़ी का नहीं, हमारा था," असं म्हणून ते थांबले. रामराव शेजारी मान खाली घालून उभे होते.

मी मनातल्या मनात तिसऱ्या गिऱ्हाइकाला निरोप दिला.

तिवारीजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दोघा म्हाताऱ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"भाईसाहब, मैंने अब तक ग्यारह गाड़ियाँ देखीं," ते म्हणाले. "सब बेचने वाले गाड़ी से पीछा छुड़ाना चाहते थे. आप पहले हैं, जिनके यहाँ गाड़ी रोकने के लिए दो बुज़ुर्ग चोरी कर रहे थे. इससे अच्छी गाड़ी मुझे कहाँ मिलेगी?"

त्यांच्या आईनं मागचं दार उघडलं, आत बसून पाहिलं आणि कंबर टेकवून डोळे मिटले. ती काही उतरेना.

बाबांनी विचारलं, "घर पर शेड है?"

"है, बाबूजी. पर मुझे नट-बोल्ट का कुछ नहीं आता." तिवारीजी रामरावांकडे वळले. "इतवार को आप पनागर आ सकेंगे? लेने मैं आ जाऊँगा. खाना हमारे यहाँ."

रामरावांनी नुसती मान हलवली, बऱ्याच वेळा. मनीषा आत्या लांब उभी होती. ती स्वतःशीच म्हणाली, "चलो, माल पोचला," आणि रुमाल शोधायला लागली.

८. खिडकी

शुक्रवारी स्टेशनवर बाबा आले. पण दोन दिवस सासूबाई त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. थेंब वेळेवर घालत होत्या, पण न बोलता, आणि बाबांच्या मते जरा जोरात.

तिवारीजींनी सगळ्यांना पांढरीतून सोडलं होतं. बाबा पूर्ण वाटेत मागे बसले आणि एकदाही गिअरबद्दल बोलले नाहीत. सासूबाईंना एसीनं सर्दी होते म्हणून स्लीपरची तिकिटं होती. बाबांना डब्यात बसवून मी फलाटावर उतरलो, मटारचे समोसे घेतले आणि त्यांच्या खिडकीखाली येऊन उभा राहिलो. रामराव माझ्या शेजारी होते. त्यांनी बाबांना एक हात वर करून दाखवला. बाबा दुसरीकडे बघत होते, त्यांना तो दिसला नाही. रामरावांनी हात हळूच खाली घेतला.

आत सासूबाई उभ्याच होत्या. खिडकीची जागा बाबांची, हे त्यांच्या संसारात पहिल्या प्रवासापासून ठरलेलं होतं. बाबा प्रत्येक स्टेशनाचं नाव वाचून दाखवत, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं.

बाबा उठले. सीटची कड धरून बाजूला सरकले.

"कुंदा, खिडकीत तू बस," ते म्हणाले. "आणि बाहेर काय दिसतं ते मला सांगत चल. मला नाही दिसून राहिलं."

पदरानं डोळे पुसून सासूबाई खिडकीत बसल्या, बाबांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि बाहेर पाहिलं. गाडीनं झटका दिला.

"फलाटावर रामराव आहेत," त्या म्हणाल्या. "रडून राहिलेत. तुम्ही हात हलवा. इकडे नाही, डावीकडे... हं. आता त्यांनी पण हलवला. आणि त्यांच्या बाजूला जावईबापू उभे आहेत. समोसे खाऊन राहिलेत. चौथा आहे."

तिसरा होता. पण गाडी सुटली होती, आणि त्या दोघांच्या बोलण्यात मध्ये पडायची ती वेळ नव्हती.